मागून आणलेला विस्तव

आई,

पंचांनी या खेपेला आपली चूल मोजली. एवढंच तुला सांगायचं होतं, पण एवढंच सांगून भागणार नाही, म्हणून कागद पुढे ओढून बसले आहे. नारळी पौर्णिमा झाल्यावर जमात बसली आणि ठरलं की मिशनच्या बाईच्या ओटीवर कोणी चढायचं नाही, तिच्याकडून काही घ्यायचं नाही, तिला काही द्यायचं नाही, आणि वाटेत भेटली तर तोंडातून शब्द काढायचा नाही. तेव्हापासून मी वाळीत आहे. पावसाळा सरला, दिवाळी होऊन गेली, वाळवणीच्या वलांडींवर बोंबील वाळायला लागले, आणि ज्या ओटीवर तू कोळ्यांच्या पोरींना अक्षरं गिरवायला शिकवलीस तिच्यावर आता दुपारभर कावळे बसतात. पहिल्या दिवशी मला हसूच आलं. तुझ्या वेळी पंच म्हणाले होते की ही चूल धरायचीच नाही, आणि आता तीच चूल त्यांनी ठरावात घातली. एका परीनं हा तुझाच मान आहे. तो मला भोगावा लागतो आहे, आणि मी दमले आहे.

तुझ्या वेळचं सगळं आठवतं. तू घाटावरची. बाबा गेल्यावर मिशननं तुला खाडीकाठच्या या गावात धाडलं तेव्हा तुला बोंबील कुठला आणि मांदेली कुठली हे कळत नव्हतं. सुकटीच्या वासानं तू पदर नाकाला लावून हिंडायचीस आणि बायका एकमेकींना कोपरानं ढोसून हसायच्या. ज्वारीची भाकरी सुटली, तांदळाची थापायला बसलीस, ती तव्यावर जायच्या आधी हातातच फाटायची. घाटी, विधवा, त्यात बाटलेली. कोळीवाड्याला तुझ्यात नावाजण्यासारखं काही दिसलं नाही. तापावरच्या कोयनेलच्या गोळ्या तेवढ्या तुझ्या हातून घ्यायचे, कारण औषधाला विटाळ नसतो असं त्यांनी आपल्या सोयीनं ठरवून टाकलं होतं. पोरींनाही धाडायचे, कारण बाया मासळी घेऊन रेवदंड्याच्या बाजाराला गेल्या की पोरींना सांभाळणार कोण? पण चूल वेगळी. चुलीच्या बाबतीत आपण गावात नव्हतोच.

दुकानात काडेपेटी मिळायची, तरी काडी ओढणं हे आळशी बाईचं लक्षण मानायचे. निखारा राखेखाली जपायचा, आणि जिचा विझला असेल तिनं सकाळी करवंटी घेऊन शेजारणीच्या दारात जायचं. "इस्तू दे गो," म्हणायचं. मग दोन निखारे करवंटीत पडेपर्यंत कोणाची होडी कुठे गेली, कोणाची सून माहेरी का बसली, हे सगळं होऊन जायचं. खरं तर विस्तवासाठी कोणी जायचंच नाही. कोण कोणाच्या दारात जातं यावरून गाव कोणाचं ते कळायचं. आपल्या दारात कोणी आलं नाही, आणि तूही कोणाच्या दारात गेली नाहीस. तू रोज सकाळी मिशनची काडी ओढायचीस. काडी ओढताना तू कधी माझ्याकडे बघत नसायचीस, हे माझ्या फार नंतर लक्षात आलं.

मग होडीचा म्होरक्या असलेल्या तांडेलाचं प्रकरण झालं. खाडीच्या तोंडाशी जाळी बांधायला जे खुंट रोवतात, त्यातल्या एका खुंटाच्या जागेवरून भांडण पेटलं. तांडेल रागीट. पंचांकडे न जाता तो थेट अलिबागच्या कचेरीत गेला आणि मामलेदाराकडे अर्ज करून आला. घरचं भांडण सरकारदारी नेलं, याहून मोठा गुन्हा जमातीत नाही. त्याला वाळीत टाकलं. त्याच्या होडीवर चढायला माणूस मिळेना. त्याची बायको तांडेलीण, जी सगळ्या कोळीवाड्यात मोठ्यानं हसायची, ती वलांडीच्या एका टोकाला एकटी बसून मासळी सोलायला लागली. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेन. मला तिची फार दया आली, आणि दया आली की माणसाला आपण फार चांगले आहोत असं वाटायला लागतं. मी टोपल्यात तांदूळ घेतले, वर भाकरीचा तुकडा ठेवला, आणि तुला सांगितलं, मी तांडेलिणीला देऊन येते, येशूनं सांगितलंय ना.

तू भांडी घासत होतीस. राखेचे हात तसेच ठेवून म्हणालीस, "टोपलं खाली ठेव. तू कोण लागून गेलीस? राणी?" मला रडूच फुटलं. शाबासकी मिळेल म्हणून आले होते. तू हात धुतलेस, माझ्यासमोर बसलीस, आणि बायबलातल्या विहिरीवरच्या त्या बाईची गोष्ट सांगितलीस. ती मी शंभरदा ऐकली होती, पण त्या दिवशी तू ती वेगळ्या टोकाकडून धरलीस. म्हणालीस, त्या बाईला गावानं टाकलं होतं, म्हणून ती भर दुपारी पाण्याला यायची. प्रभू तिथे बसला होता. त्यानं तिला आधी काय दिलं? मी म्हटलं, जिवंत पाणी. "ते मागाहून. आधी त्यानं मागितलं. दमला होता, तहान लागली होती, जवळ घडासुद्धा नव्हता. तो म्हणाला, मला प्यायला दे. अगं, टाकलेल्या माणसाला सगळे देऊन जातात. त्याच्याकडे मागायला कोणी जात नाही." एवढं बोलून तू उठलीस, चुलीतले चांगले जळते निखारे तांब्याभर पाण्यानं विझवलेस, आणि करवंटी उचललीस. लाकडं भिजली, धूर झाला, मला खोकला आला. तू वेडी झालीस असंच मला वाटलं.

तुझ्यामागून मी गेले होते. तांडेलीण दारात. तू करवंटी पुढे केलीस. ती तुझ्याकडे बघतच राहिली.

"तुज्या घरात इस्तू न्हाय?"

"विझला."

"आनि दुकानात काडी न्हाय?"

"आहे. पण आज तुझ्याकडून हवा."

"मना वालीत टाकलाय, ठाव हाय ना तुला?"

"म्हणून तर आले. तुझ्याकडे आज गर्दी नसणार."

आई, तू विनोद करणारी बाई नव्हतीस. पण तांडेलीण हसली, पूर्वीसारखी नाही, तरी हसली. मग तिच्या लक्षात आलं की तिनं तुला कधी विस्तव दिलेला नाही, आणि तुझ्या हाताला हात लागेल म्हणून तीच कधी काळी बाजूला सरकायची. तिचा चेहरा बदलला. आत गेली, दोन नव्हे, करवंटी भरून निखारे घेऊन आली, आणि म्हणाली, "जपून ने गो बाय, भाजशील." तू रोज जायला लागलीस. रोज घरचा विस्तव विझवायचा आणि रोज मागून आणायचा, असला उलटा संसार मी कुठे पाहिला नाही.

पंचांच्या कानावर गेलंच. ते बसले, बोलले, आणि हसून उठले. त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला म्हणे, "त्या घाटनीची चूल? ती चूल कवा झाली?" जिच्याशी कोणाचा विस्तवाचा व्यवहारच नाही, ती कोणाशी करते ते बघायचं कशाला? ठरावात तुझं नाव नव्हतं आणि घालण्याइतकी तुझी पत नव्हती. तू ते ऐकून म्हणालीस, चला, प्रभूनं आपल्याला गावाबाहेर कशासाठी ठेवलं होतं ते आज कळलं. मला तेव्हा अपमान वाटला होता. पुढे कचेरीतला अर्ज तांडेलानं मागे घेतला, जमातीत परत घेतलं त्यांना, आणि परत घेतल्याच्या दुसऱ्या सकाळी तांडेलीण सगळ्या आळीच्या देखत करवंटी घेऊन आपल्या दारात आली. दारातून ओरडून म्हणाली, "मास्तरनी, माजा इझला. दे." खरं तर तिचा विझला नव्हता. मग दुसरी आली, तिसरी आली. आपण गावातले झालो ते त्या दिवशी.

तू तापानं गेलीस तेव्हा पेटी कुठून आणायची हा प्रश्न होता. होड्या बांधणाऱ्या सुताराला तांडेलानं उठवून आणलं, होडीसाठी कापलेल्या फळ्यांची पेटी केली, आणि पहिला खांदा तांडेलानं दिला. जमातीबाहेरच्या माणसाला कोळी खांदा देत नाहीत, हे तुला ठाऊक होतं. सुरूच्या बनामागे वाळूत तुला ठेवलं. मिशनच्या पाळकांना अलिबागेहून यायला उशीर झाला, तर सगळा कोळीवाडा उन्हात थांबून राहिला, आणि प्रार्थना झाली तेव्हा कोणाला कळली नाही तरी सगळे मान खाली घालून उभे होते. नंतर तांडेलीण माझ्यापाशी राहिली. तिनं मला भरवलं. मी लग्न केलं नाही, तुझी शाळा चालवली, आणि मला कधी वाटलं नाही की मी एकटी आहे. तांडेलीण माझी मावशी झाली. कोणाचं पोर तापलं, कोणाची सून अडली, तर आधी मला हाक यायची. हे सगळं तू मिळवून ठेवलं होतंस, मी नुसती त्यावर बसले होते.

आता तांडेल नाही. मुलगा जमातीचा पाटील आहे, आणि मुलाच्या तोंडून मावशीच बोलते हे गावाला माहीत आहे. यंदा पाऊस लांबला. टोकाच्या घरचा तरणा गडी, बायको बाळंतीण, घरात तांदळाचा दाणा नाही, कोणापुढे हात पसरायची लाज. नारळी पौर्णिमेला अजून अवकाश होता. दर्याला नारळ वाहिल्याशिवाय होडी पाण्यात घालायची नाही हा नियम तुला सांगायला नको. तो पहाटे गेला आणि संध्याकाळी धडधाकट परत आला, टोपलीभर मासळी घेऊन. बुडाला असता तर गावानं रडून घेतलं असतं. परत आला म्हणून वाळीत टाकलं.

मी लगेच उठून गेले असं समजू नकोस. मला जायचं नव्हतं. मी म्हटलं, नियम त्यांचा, दर्या त्यांचा, माझं काय. मला माझी ओटी आवडायची, पोरींचा गलका आवडायचा, संध्याकाळी मावशीच्या पडवीत बसून तिच्या तक्रारी ऐकायला आवडायचं. मग एकदा विहिरीवर गेले तर ती बाळंतीण लांब, माडाला टेकून उभी. सगळ्यांचं भरून होईपर्यंत थांबलेली, पोर पदराखाली. बायका मुद्दाम हळू पोहरा ओढत होत्या. मी माझं पाणी भरलं, तर ती मान वळवून उभी राहिली, म्हणजे मला बोलायला लागू नये. तिच्या त्या समजूतदारपणानं मला घरी जाऊन जेवू दिलं नाही. तू शिकवलेलं माणसाला सुखानं जगू देत नाही, आई. तुला हे कोणी कधी सांगितलं नसेल म्हणून मी सांगते. शेजाऱ्यावर प्रीती करा हे ओटीवर पोरींकडून म्हणवून घेताना छान वाटतं. शेजारी टोकाच्या घरात असतो तेव्हा तिथवर चालत जावं लागतं, आणि सगळी आळी बघत असते.

दुसऱ्या सकाळी मी विस्तव विझवला आणि करवंटी घेतली. ती दारात पोराला न्हाऊ घालत होती. मला बघून घाबरली.

"बाय, इकरं कनाला आली? तुला बी टाकतील."

"माझा विस्तव विझला."

"मावशीकरनं घे ना."

"तुझ्याकडून हवा."

ती काही हसली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. पोर माझ्याकडे दिलं, आत गेली, निखारे आणले. परत देताना पोरानं माझी बांगडी धरून ठेवली होती.

त्याच संध्याकाळी मावशी आली. ओटीवर बसली नाही, खाली उभी राहून बोलली. मी तिचं बोलणं जसंच्या तसं लिहिते, कारण तिच्यावर अन्याय होऊ नये. म्हणाली, "तुज्या आयनं मना इस्तू मागितला, तो मी मरेपरेंत इसरनार न्हाय. पन माजा नवरा कचेरीत गेलेला. कचेरीत कोन बुरत न्हाय. ह्यो दर्यात गेला. आज ह्याला सोरला तर पुढल्या वर्सी चार पोरं जातील, आनि माज्या दारात चार बाया कपाल फोराला येतील. ते तू बघशील?" मी म्हटलं, मावशी, दर्यात तो गेला. ती तर घरीच होती. मावशीनं ओटीच्या कडेला हात टेकला. मग म्हणाली, "तू तिला ताट धारलं असतंस ना, तर मी डोले मिटले असते. पोटुशी, बालंतीन, कोन बघतंय. पन तू तिच्याकरनं घेतलंस. दिलं तर ती दया. घेतलं तर सोयरीक." बघ आई, तू जे मला राखेच्या हातांनी समजावलंस ते तिलाही पुरतं समजलेलं होतं. आणि समजलेलं होतं म्हणूनच तिला ते चालणार नव्हतं.

नियम वाईट नाही. यावर मी बरेच दिवस विचार केला. पौर्णिमेच्या आधीचा दर्या माणसं खातो हे मला माहीत आहे. तांडेलाचा धाकटा भाऊ त्यातच गेला. मावशी दुष्ट असती तर मला किती सोपं झालं असतं. वैऱ्यावर प्रीती करायला सांगितलंय, त्यासाठी निदान वैरी तरी हवा. माझ्यासमोर एक म्हातारी आहे, जिनं मला भरवलं, आणि जी गावातल्या पोरांना जिवंत ठेवायचा तिला ठाऊक असलेला एकच उपाय करते आहे. आणि दुसरीकडे विहिरीपाशी उभी असलेली एक बाळंतीण. दोघींमध्ये मी करवंटी घेऊन. असल्या प्रसंगी काय करायचं ते प्रभूनं सांगितलं असेल, तर ते मला सापडलेलं नाही.

मी रोज जात राहिले. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिले, होड्या सुटल्या, आणि त्यानंतरच्या बैठकीत माझा ठराव झाला. पोरी येईनाशा झाल्या. मासळीवाली आपल्या दारावरून पुढे जाते, आणि मी ज्या मुलीला तिच्या आईच्या पोटातून ओढून काढलं ती मला बघून गल्ली बदलते. महिन्याची प्रार्थना घ्यायला पाळक आले तर ओटीवर मी एकटी. त्यांनी प्रार्थना आटोपती घेतली आणि सापासारखं चतुर असावं म्हणून सांगितलं. म्हणाले, चूक कबूल कर, शाळा वाचव. शाळा राहिली तर प्रभूचं काम राहील. नाही तर शाळा बंद करून तुला पेणला पाठवावं लागेल. वाईट माणूस नाही. येताना माझ्यासाठी चहाची पूड घेऊन आले होते.

मावशीनंही तडजोड धाडली, मुलाच्या तोंडून. जमातीपुढे यायचं, एक नारळ आणायचा, आणि चूक झाली म्हणायचं. मी ख्रिस्ती, देवीपुढे फोडणार नाही हे तिनं आधीच धरलं होतं. निरोप होता, "देवीला नको. दर्याला वाहा. दर्या कोनाचा बी हाय." यात केवढी माया आहे ते तुला कळेल. मी नारळ आणलासुद्धा. तो अजून फडताळात आहे, डोळ्यापाशी बुरशी धरायला लागला आहे. नारळाचं मला काही नाही. पण "चूक झाली" हे दोन शब्द तोंडातून निघेनात. चूक झाली नाही म्हणून नव्हे, झालीही असेल. ती बाळंतीण अजून बाहेर असताना मी आत जाऊन बसायचं, एवढंच मला जमेना. तेवढ्यासाठी हे घर जाईल, पेणच्या कुठल्या तरी खोलीत म्हातारपण जाईल, आणि मेले तर तुझ्या शेजारी वाळूत मला कोण घेऊन जाईल, याचा हिशेब मी करून पाहिला आहे. मला त्याची भीती वाटते. रोज वाटते.

तुला एक बोलायचं होतं, ते बोलूनच टाकते. तुला सोपं होतं. तुझ्याकडे गमवायला काही नव्हतं. तू गावाबाहेर उभी होतीस आणि तिथून करवंटी पुढे केलीस, मिळालं तर मिळालं. मला तू आत आणून ठेवलंस, शेजारीपाजारी दिलेस, मावशी दिलीस, आणि मग म्हणतेस आता मागायला जा. त्या श्रीमंत माणसाला सगळं विकायला सांगितलं तेव्हा तो खिन्न होऊन निघून गेला, हे वाचताना तू आवाज जरा कडक करायचीस. मला आता त्याचा राग येत नाही. त्याच्याकडे शेत असेल, गुरं असतील, आणि संध्याकाळी बसायला कोणाची तरी पडवीही असेल. ते कोणी विचारलं नाही.

आणि आता आजची गोष्ट, जिच्यासाठी हा कागद काढला. आज सकाळी नेहमीसारखी गेले. टोकाच्या घराचं दार अर्धं लावलेलं. आत बायकांचे आवाज. ओटीवर नारळाच्या शेंड्या पडलेल्या, आणि दाराला नवं तोरण. मी समजले. ती बाहेर आली, पोर काखेला. पोर मला बघून हात पुढे करायला लागलं, तिनं त्याचं तोंड खांद्याकडे वळवलं.

"बाय," ती हळू म्हणाली, "काल आमचं मिटलं. जमातीत घेतलं आमाला."

"बरं झालं."

"आता... मना तुला इस्तू द्याव न्हाय यायचा. बोलाव बी न्हाय."

"मग बोलू नको. आत जा, लोक बघतील."

ती उभीच राहिली. मी आणखी काही बोलेन असं तिला वाटलं असावं. मग तिनं दार लावलं, आवाज होऊ नये म्हणून अगदी सावकाश. मी रिकामी करवंटी घेऊन परत आले. आळीतल्या बायका दारातून बघत होत्या, आणि त्यांच्यात कोणाला आनंद झालेला मला दिसला नाही, हे मी खरं सांगते.

मला राग आला. खूप आला. घरी येऊन करवंटी भिंतीवर फेकली. प्रभूनं दहा कुष्ठरोगी बरे केले, त्यातला आभार मानायला एक तरी परत आला होता. माझी एकच होती. मग बसल्यावर आठवलं की रोज झोपताना मी मागत काय होते? त्यांना परत घेऊ दे, देवा, त्या पोराला गाव असू दे. शब्दाला शब्द धरून ऐकलं गेलं. माझं नाव त्यात मी घातलंच नव्हतं, तर देणाऱ्याचा काय दोष? तिनं काय करायला हवं होतं? माझ्यासाठी पुन्हा पोराला घेऊन विहिरीपासून लांब उभं राहायचं? मीच तिला नको म्हटलं असतं. तिनं तशी वेळच आणली नाही, दार लावून घेतलं, आणि मी दुपारभर या गोष्टीसाठी तिच्यावर प्रीती करण्याचा प्रयत्न करते आहे. थोडी जमते, मग पुन्हा दार दिसतं.

आता नारळ घेऊन जायला काही हरकत नाही. आत बसायचं नव्हतं ते ज्यांच्यासाठी, ते आत गेले. मावशी आजच वाट बघत असेल. कदाचित जाईनही. कदाचित पाळकांना पेणचं कळवीन. आज काही ठरवायची ताकद नाही, आणि ताकद नसली की माणूस जे करतो ते मी करते आहे, आईला लिहिते आहे. डाकवाला रेवदंड्याहून येतो, त्याच्यावर जमातीचं बंधन नाही, पण त्याच्या हातात देऊन करू काय? घडी करून तुझ्या लुगड्यात ठेवून देईन.

एक राहिलं. वाळीत माणसाला काय कमी पडतं ते मला ठाऊक नव्हतं. पाणी मिळतं, सगळ्यांनंतर. काडी मिळते. तांदूळ बाजारातून आणता येतो. पण इथे बाई बाईला भेटली की पहिला प्रश्न ठरलेला, जेवलीस का गो; ज्यांचं पटत नाही त्यासुद्धा एकमेकींना तो विचारतात, उत्तर ऐकायला थांबत नाहीत इतकंच. टोकाच्या घरची रोज विचारायची, निखारे देता देता. आज कोणी विचारलं नाही, आणि उद्याही कोणी विचारणार नाही. म्हणून तू विचारलंस असं धरून सांगते. नाही, आई. आज मी जेवले नाही.